दादा कोंडके : सोंगाड्या पडद्यावर गेला तेव्हा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी विचारलं, दादा कोंडक्यांवर व्याख्यान कशाला, त्यात बोलण्यासारखं काय आहे? आणि काही म्हणाले, वा, फार मजा येईल! खरं सांगायचं तर या दोन्ही प्रतिक्रियांमुळेच दादांची समीक्षा आजवर नीट झाली नाही. एका बाजूला नाकं मुरडणारे, दुसऱ्या बाजूला नुसतेच टाळ्या देणारे. मध्ये उभं राहून हा माणूस नक्की काय करत होता, हे आपण फारसं विचारलंच नाही. आज ते विचारायचा आमचा प्रयत्न आहे.

आधी थोडा आयुष्याचा आलेख. कृष्णा खंडेराव कोंडके, जन्म 8 ऑगस्ट 1932, मुंबईतल्या नायगावात. घर गिरणगावातलं. भोवती चाळ, बँडपथक, गणपतीतले मेळे, भजनं. अपना बाजारमध्ये नोकरी, आणि सेवा दलाच्या कलापथकात उमेदवारी. म्हणजे बघा, रंगमंचाचं शिक्षण झालं ते सगळं समोरासमोरच्या प्रेक्षकात. पुढे 1965च्या सुमारास वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, आणि दादा त्यातले हवालदार झाले. या लोकनाट्याचे प्रयोग हजारांच्या पुढे गेले. तिथून भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ 1969 साली, आणि 1971 साली स्वतः निर्माते म्हणून ‘सोंगाड्या’. त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’... रांगच लागली. नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे प्रत्येक किमान 25 आठवडे चाललेला. 14 मार्च 1998 रोजी दादा गेले.

आता मुद्द्याकडे येऊ. ‘विच्छा’ची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. राज्यातली कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला वाटतं, आता आपलाच नंबर. पण प्रधान आपला माणूस तिथं बसवतो. मग हवालदार मैनेची मदत घेतो. मैना नव्या कोतवालाला अशी काही भुरळ घालते, की तो तिच्यासाठी थेट राजाचा छपरी पलंग चोरायला निघतो, आणि पकडला जातो. एवढंच कथानक. पण यात काय काय आहे पाहा. वशिलेबाजी आहे, मूर्ख राजा आहे, लबाड प्रधान आहे, आणि या सगळ्यांपेक्षा हुशार एक बाई आहे. शृंगार भरपूर आहे, चावटपणा भरपूर आहे, पण तो चावटपणा कुणाची तरी खुर्ची हलवायला वापरलेला आहे.

शिवाय दादा त्यात रोजच्या रोज भर घालायचे. वगाचा साचा तशी मोकळीक देतोच. गण, गवळण, बतावणी, मग वग. बतावणीत तर काल काय घडलं ते आज यायलाच हवं. मंत्री काय बोलला, रेशनवर काय मिळालं नाही, कुठल्या पक्षात कोण गेलं, हे सगळं हवालदाराच्या तोंडी यायचं. राजाच्या दरबारात उभा राहून हा माणूस मंत्रालयाबद्दल बोलतोय, हे प्रेक्षकाला कळायचं आणि तो आडवा व्हायचा. म्हणजे वगाच्या सोंगाड्याच्या एका हातात चावटपणा असतो, आणि दुसऱ्या हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र.

आता हाच सोंगाड्या कॅमेऱ्यासमोर गेला. काय झालं? आमच्या मते इथं सगळी गोम आहे. चित्रपट एकदा तयार झाला की झाला. तो 25 आठवडे चालायचा, मग तालुक्याला जायचा, मग जत्रेतल्या तंबूत. पाच वर्षांनी पुन्हा लागायचा. त्यात कालची बातमी कशी चालेल? वर्तमानपत्र शिळं होतं. शरीर शिळं होत नाही. त्यामुळे सोंगाड्याच्या एका हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं, आणि दुसऱ्या हातातली गोष्ट तेवढी उरली. मग तिच्यावरच सगळा भार आला.

यात दादांचं कसब कमी नव्हतं, हे आधी मान्य करू. द्व्यर्थी विनोद म्हणजे नुसतं घाण बोलणं नव्हे. घाण बोलणं कुणालाही येतं. दादांच्या वाक्याचा पहिला अर्थ नेहमी स्वच्छ असायचा, अगदी लहान मुलानं म्हणावा असा. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात जन्माला यायचा. ‘आली अंगावर’ हे 1982च्या चित्रपटाचं नाव घ्या. ‘आली अंगावर घेतली शिंगावर’ ही आपली म्हण. दादांनी ती अर्ध्यात तोडली. उरलेलं अर्धं तुम्ही काय लावता, ते तुमचं तुम्ही बघा! सेन्सॉरनं हरकत घ्यायची तर घ्यायची कशाला? मनातल्या मनात लावलेल्या अर्थाला? लोंबत्या नाडीची हाफ चड्डी, चेहऱ्यावर बावळट निरागसपणा, जरा रडवेला आवाज, हे सगळं त्या पहिल्या अर्थाच्या बाजूनं साक्ष द्यायला उभं असायचं. ही अभिनयाची जाण आहे, आणि ती तमाशाच्या फडातून आलेली आहे.

सुरुवातीच्या चित्रपटांत या कसबाला आशयाचा आधार होता. ‘सोंगाड्या’तला नाम्या आईच्या धाकातला भोळा पोरगा, तमाशाच्या नादी लागतो आणि घराला मुकतो. त्यात तमाशा कलावंताबद्दल समाजाच्या मनात असलेली तिडीक आहे, आणि त्या कलावंतिणीचं माणूसपण आहे. ‘पांडू हवालदार’मध्ये खाकी कपड्यातला सामान्य माणूस आहे, आणि उषा चव्हाणांची केळेवाली पारू त्याला शब्दाला शब्द देते. तिथं विनोद दोघांच्यात आहे. ती बोलते, तो बोलतो, कधी ती जिंकते. पुढं पुढं काय झालं? नायिका बोलायची कमी होत गेली आणि दाखवायची जास्त होत गेली. मैना विनोद करत होती. नंतरच्या नायिकांवर विनोद व्हायला लागला. आमची तक्रार चावटपणाबद्दल नाही, या बदलाबद्दल आहे. गवळणीत मावशी चावट बोलते म्हणून कुणी तिला कमी लेखत नाही, कारण तिथं जीभ तिच्याकडे असते.

कुणी म्हणेल, लोकांना तेच हवं होतं. हे उत्तर आम्हाला अपुरं वाटतं. ‘विच्छा’ पाहायला आलेले लोक आणि ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ पाहायला आलेले लोक काही वेगळ्या ग्रहावरून आले नव्हते. तोच गिरणगाव, तीच एस.टी.नं शहरात आलेली माणसं. त्यांना राजाची फजिती आवडत होती आणि चावटपणाही आवडत होता. पडद्यानं त्यांना त्यातलं एकच परत दिलं.

राजकारण दादांच्या आयुष्यातून गेलं होतं असंही नाही. ‘सोंगाड्या’च्या वेळी दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी या मराठी चित्रपटाला जागा नाकारली गेली. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि चित्रपट लागला. मराठी चित्रपटाला मुंबईत थिएटर मिळावं ही मागणी रास्तच होती. पुढं दादा शिवसेनेच्या सभा गाजवू लागले. तिथं त्यांची ती जुनी बतावणीची जीभ पुन्हा सुटली. पण एक फरक पडला होता. आता ती एका बाजूची जीभ होती. सोंगाड्या दरबारात उभा असतो, पण तो दरबारी नसतो. सगळ्यांची टर उडवायचा त्याला परवाना असतो तो यामुळेच. म्हणजे चित्रपटात राजकारण उरलं नाही आणि राजकारणात सोंगाड्या उरला नाही. ‘विच्छा’त जे एकत्र होतं, त्याची अशी वाटणी झाली.

हे नुकसान एकट्या दादांचं नाही, मंडळी. ते आपलं आहे. कारण नाकं मुरडणाऱ्या आपल्यासारख्यांनी दादांना ‘अश्लील’ म्हणून एका शब्दात निकालात काढलं. ‘दादा, तुमचा हवालदार कुठं गेला?’ असं कुणी त्यांना विचारलं नाही. हा प्रश्न त्यांना त्यांच्याच कलेच्या मापानं मोजणारा होता, आणि कदाचित तो त्यांना पटलाही असता. सोवळ्या मापानं मोजल्यावर त्यांनी आपल्याला हसून सोडून दिलं, ते बरोबरच केलं.

आज विनोदी कार्यक्रमांची कमी नाही. हातातल्या फोनवर दर मिनिटाला विनोद येतो. तो पाहताना एवढंच तपासून बघू या, की या विनोदवीराच्या दुसऱ्या हातात काय आहे. आणि ते नसेल, तर ते त्यानं टाकलं, की आपणच कधी त्याच्याकडे मागितलं नाही?