सायटोकाइन : कारण की मध्यस्थ?

स्वप्रतिकार रोगांच्या विवेचनात सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांना आज जे स्थान आहे, ते बव्हंशी एका उपचाराच्या यशामुळे प्राप्त झाले आहे. उपचार फलदायी ठरला, म्हणजे त्यामागील उपपत्तीही सर्वस्वी सिद्ध झाली, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, हे ट्युमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टी.एन.एफ., या प्रथिनाच्या उदाहरणावरून तपासून पाहणे उचित ठरेल.

या उपपत्तीचा पाया १९८९ साली लंडन येथे ब्रेनन, मैनी, फेल्डमन व त्यांचे सहकारी यांनी घातला. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतील अस्तरपेशींच्या संवर्धनात टी.एन.एफ.विरोधी प्रतिपिंडे मिसळली असता इंटरल्यूकिन-१ ची निर्मिती घटली. झिजेमुळे होणाऱ्या संधिवातात मात्र तसे घडले नाही. यावरून सायटोकाइनांची एक उतरंड असून तिच्या शिरोभागी टी.एन.एफ. आहे, असे प्रतिपादन करण्यात आले. १९९४ साली ७३ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीत प्रतिपिंडाची मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी ७९ टक्के रुग्णांना चार आठवड्यांत गुण आला. निष्क्रिय द्रव्य मिळालेल्यांत हे प्रमाण अवघे ८ टक्के होते.

येथवरचा तर्क निर्दोष आहे. तथापि त्यातून सिद्ध होते ते इतकेच की, आमवाताच्या सांध्यातील दाह टिकून राहण्यास टी.एन.एफ. साहाय्यभूत होतो. रोगाचा आरंभ त्यानेच होतो, हे यातून निष्पन्न होत नाही. औषध थांबविल्यावर अनेक रुग्णांत रोग पुन्हा उफाळतो, ही गोष्ट मूळ कारण अबाधित राहिल्याचेच सुचविते.

उतरंडीची कल्पना अन्य रोगांना लावू गेल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. मल्टिपल स्क्लेरोसिससदृश रोग उंदरांत निर्माण केला असता टी.एन.एफ.च्या अवरोधाने तो सौम्य झाला होता. परंतु लेनरसेप्ट या अवरोधकाच्या १६८ रुग्णांवरील चाचणीत रोगाचे झटके उलट वाढले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ साली असे आढळले की, या रोगाची शक्यता वाढविणारा एक जनुकभेद टी.एन.एफ.च्या पहिल्या ग्राहीचे विद्राव्य रूप निर्माण करतो व ते टी.एन.एफ.ला अडविते. निसर्गानेच जणू तोच प्रयोग करून तोच निष्कर्ष दिला! या प्रथिनाला दोन ग्राही आहेत. पहिला प्रामुख्याने दाहास चालना देतो, तर दुसऱ्याचा मज्जावरणाच्या पुनर्रचनेशी संबंध असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. दोहोंना एकदम निष्प्रभ करणारे औषध हा भेद जाणत नाही.

हा प्रकार एकट्या टी.एन.एफ.पुरता मर्यादित नाही. इंटरल्यूकिन-१७ च्या अवरोधाने सोरायसिस आटोक्यात येतो; क्रोन रोगात मात्र त्याच अवरोधाचा उपयोग झाला नाही आणि काही रुग्णांची प्रकृती अधिक बिघडली, हे २०१२ च्या चाचणीत दिसून आले. त्वचेत अपायकारक ठरणारा संदेश आतड्याच्या आवरणाचे रक्षण करीत असावा, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण होय.

संरक्षक कार्याचा विसर पडल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. क्षयजंतूंना वेढून ठेवणाऱ्या पेशीपुंजांची घडण टी.एन.एफ. टिकवून धरतो. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षय उद्भवल्याच्या ७० घटनांचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला. जेथे सुप्त क्षयसंसर्ग विपुल आहे अशा भारतासारख्या देशात उपचारापूर्वी क्षयाची तपासणी अपरिहार्य ठरते, ती याच कारणाने.

या उपचारांनी असंख्य रुग्णांचे सांधे वाचले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो सायटोकाइनांची ‘दाहकारक’ व ‘दाहशामक’ अशी कायमची विभागणी करण्यावर. कोणत्या ऊतीत, कोणत्या ग्राहीद्वारे आणि रोगाच्या कोणत्या अवस्थेत, हे तीन प्रश्न अनुत्तरित ठेवून केलेले कोणतेही विधान अपुरेच राहते. यशस्वी उपचार हा उपपत्तीतील एका दुव्याचा पुरावा असतो; संपूर्ण साखळीचा नव्हे.