‘बंद करा, पुन्हा चालू करा’ : राउटरच्या माहितीपत्रकाची चिकित्सा

शैक्षणिक मासिकांतून पाठ्यपुस्तकांची परीक्षणे नेहमी होतात. परंतु ज्या घरात विज्ञानाचे एकही पुस्तक नाही, तेथेही आज तांत्रिक लेखनाचा एक नमुना पोचलेला असतो. तो म्हणजे राउटरच्या खोक्यातून निघणारे, अनेक घड्यांचे माहितीपत्रक. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात पावसाळ्यात इंटरनेट वारंवार जाऊ लागले की हे पत्रक कपाटातून बाहेर काढले जाते आणि त्यातला ‘अडचणी व उपाय’ हा तक्ता वाचला जातो. वैज्ञानिक लेखन म्हणून तो कितपत उतरतो, हे पाहण्याजोगे आहे.

तक्त्याचा सर्वसाधारण क्रम ठरलेला असतो. प्रथम उपकरण बंद करून चालू करावे, मग जोडण्या तपासाव्या, मग उपकरण मूळ स्थितीवर आणावे आणि कशानेच भागले नाही तर सेवा पुरवठादाराला कळवावे. यातला पहिला उपाय अडाणीपणाचा आहे असे मुळीच नाही. राउटर हा एक लहान संगणकच असतो. घरातल्या प्रत्येक उपकरणाला दिलेला अंतर्गत पत्ता, बाहेरच्या जगाशी चाललेल्या प्रत्येक संवादाची नोंद, हे सारे तो स्मृतीत ठेवतो. बरेच दिवस अखंड चालल्यावर या नोंदींत गोंधळ होऊ शकतो. वीज तोडली की ही तात्पुरती स्मृती कोरी होते आणि कामाला नव्याने सुरुवात होते. म्हणूनच हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

पण तक्त्याचा मोठा दोष इथेच आहे. तो ‘काय करावे’ हे सांगतो, ‘दोष कुठे आहे’ हे विचारत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्युत मंडलातला दिवा लागला नाही तर आपण मुलांना कळ बंद करून चालू करायला सांगून थांबत नाही. घट, तारा, कळ, दिवा हे एकेक करून तपासायला लावतो. इंटरनेटचा मार्गही असाच टप्प्याटप्प्यांचा आहे. मोबाइलपासून राउटरपर्यंत रेडिओ तरंग, राउटरपासून पुरवठादाराच्या केंद्रापर्यंत बहुधा प्रकाशतंतू, आणि तेथून पुढे दूरच्या एखाद्या शहरातला, कदाचित दुसऱ्या देशातला सर्व्हर. यांपैकी कोणताही टप्पा तुटला तरी पडद्यावर दिसणारे लक्षण एकच : पान उघडत नाही.

या टप्प्यांची ओळख नसल्याने एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘वायफायच्या रेघा तर पूर्ण दिसताहेत, मग नेट का नाही?’ त्या रेघा फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतात. मोबाइल आणि राउटर यांच्यातला रेडिओ संपर्क चांगला आहे, एवढाच त्यांचा अर्थ. पुढची तार तुटली असली तरी रेघा पूर्णच दिसणार. ही एक गोष्ट पत्रकाने चित्र काढून सांगितली असती, तर निम्मा गोंधळ मिटला असता.

दुसरा दोष भाषेचा. प्रकाशतंतूच्या पेटीवर ‘एल.ओ.एस.’ अशी तीन रोमन अक्षरे आणि त्यांच्याजवळ तांबडा दिवा असतो. ही अक्षरे ‘प्रकाशसंकेत पोचत नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. पुष्कळ लोक ती ‘लॉस’ अशी वाचतात आणि तोटा कसला, या विचारात पडतात. वास्तविक हा दिवा पेटीवरचा सर्वांत बोलका दिवा आहे. या जाळ्यात केंद्रातून आलेला प्रकाश विभाजकांनी अनेक घरांत वाटला जातो, आणि प्रत्येक वाटणीत त्याची शक्ती घटते. घरी पोचणारी शक्ती अवघी काही मायक्रोवॅट असते. प्रचलित मानकांपैकी एकानुसार सुमारे दोन मायक्रोवॅटपर्यंतचा प्रकाश पेटीला ओळखता आला पाहिजे. त्याखाली गेला की तांबडा दिवा. तंतू खिळ्याभोवती घट्ट वळवला तर पूर्ण आंतरिक परावर्तनाची अट मोडते आणि प्रकाश वळणावर गळतो. दहावीच्या मुलांना हे तत्त्व माहीत असते. भिंतीवरच्या वळणाशी त्याचा संबंध मात्र कोणी जोडून देत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. उपकरण बंद करून चालू केले की दोषाबरोबर पुरावाही नाहीसा होतो. कोणता दिवा कोणत्या रंगाचा होता, राउटरच्या अंतर्गत नोंदीत काय लिहिले गेले होते, हे पुष्कळदा त्या एका कृतीने पुसले जाते. त्यातच ‘पुन्हा चालू करणे’ आणि ‘मूळ स्थितीवर आणणे’ हे दोन उपाय तक्त्यात शेजारी शेजारी छापलेले असतात. पहिल्याने फक्त तात्पुरती स्मृती जाते. दुसऱ्याने, म्हणजे बारीक भोकात टाचणी दाबल्याने, जोडणीसाठी भरलेले नाव, परवलीचा शब्द आणि इतर मांडणीही पुसली जाऊ शकते. मग तार धडधाकट असूनही तंत्रज्ञ येईपर्यंत घर बंद. या दोन ओळींमध्ये ठळक इशारा हवा.

शिवाय हे पत्रक कोणत्या गावासाठी लिहिले आहे, असाही प्रश्न पडतो. त्यात वीज अखंड आणि रस्ता न उकरलेला असे गृहीत धरलेले दिसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या काळात मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि तिचे बोईसर स्थानक अशी मोठी कामे या पट्ट्यात निघाली. जेथे जमीन खोदली जाते तेथे पुरलेले तंतू तुटण्याचा धोका असतोच. ही अडचण देशभरची आहे. म्हणूनच खोदण्यापूर्वी केबलच्या मालकांना कळवता यावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक स्वतंत्र अ‍ॅप सुरू केले. जेसीबीने तोडलेली तार घरातला राउटर दहा वेळा चालू करून जुळणार नाही.

मग चांगल्या पत्रकात काय असावे? चार प्रश्न पुरेत. एक, मोबाइलवर राउटरचे स्वतःचे मांडणीचे पान उघडते का? त्याचा पत्ता राउटरच्या पाठीवर बहुधा छापलेला असतो, आणि ते उघडायला इंटरनेट लागत नाही. उघडले तर पहिला टप्पा ठीक आहे. दोन, तांबडा दिवा लागला आहे का? लागला असेल तर प्रकाश पोचत नाही. तीन, त्याच पुरवठादाराचे शेजारचे घर चालू आहे का? तेही बंद असेल तर दोष बहुधा घराबाहेर आहे. चार, मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर तेच संकेतस्थळ उघडते का? तेथेही न उघडले आणि इतर संकेतस्थळे उघडत असली, तर दोष पलीकडच्या टोकाला आहे.

संगणक असल्यास ‘पिंग’ ही आज्ञा हेच काम अधिक नेमके करते. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने ती १९८३ मध्ये लिहिली आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिले. संदेश पाठवायचा, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. आधी राउटरला, मग दूरच्या सर्व्हरला. प्रतिध्वनीचा धडा शिकवताना याहून ताजे उदाहरण शोधायला नको.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे नोंदवही. अणुवीज केंद्रात किंवा रासायनिक कारखान्यात पाळी बदलताना नोंदी पुढच्या पाळीच्या हाती सोपवल्या जातात. बोईसर–तारापूरच्या कितीतरी मुलांच्या घरी ही शिस्त ठाऊक असते. तीच घरी आणावी. तारीख, वेळ, दिव्यांचे रंग, गल्लीत वीज होती का, शेजाऱ्याकडे काय स्थिती, किती वेळाने आले, एवढे रकाने पुरेत. महिनाभर वर्गातल्या वीस घरांनी नोंदी ठेवल्या तर आकृतिबंध दिसू लागतो. राउटर इन्व्हर्टरवर चालू असताना, गल्लीतली वीज जाताच दर वेळी नेट जात असेल, तर वाटेत कोठेतरी विजेवर चालणारी पण बॅटरी नसलेली पेटी असण्याचा संशय बळावतो. प्रकाश वाटणाऱ्या विभाजकाला स्वतःला वीज लागत नाही, हे माहीत असले की हा तर्क मुलांनाही करता येतो. अशा नोंदींसह केलेली तक्रार ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा सहज झटकता येत नाही.

हे सारे केवळ सोयीचे नाही. २०२५ मध्ये अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाले. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती, पण संकेतस्थळच चालेना, आणि ती २६ मेपासून सुरू करावी लागली. त्या दिवशी दोष पलीकडच्या टोकाला होता. चौथा प्रश्न माहीत असलेला विद्यार्थी मोबाइल ठेवून दुसऱ्या कामाला लागू शकत होता. केवळ पत्रकावर भिस्त असलेल्याने मात्र, तक्त्यातल्या क्रमाने जात, टाचणी हाती घ्यायची होती.