एक पद, दोन चाली

अमरावतीहून अकोल्याकडे जाताना वाटेत लागणारं मूर्तिजापूर हे वसंतराव देशपांड्यांचं जन्मगाव. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकातली त्यांची पदं आम्हा वऱ्हाडातल्यांना घरचीच वाटतात. मला मात्र वाटतं, की त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकताना कौतुकाच्या भरात नाटक विसरलं जातं.

‘घेई छंद’ घ्या. जितेंद्र अभिषेकींनी या एकाच पदाला दोन चाली दिल्या. प्रसाद सावकारांनी गायलेली पंडितजींची चाल संथ, शब्दाला मुरायला वेळ देणारी. खाँसाहेबांची, म्हणजे वसंतरावांची चाल द्रुत. तिथे शब्द तानेच्या झपाट्यात सापडतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकात ही तान निव्वळ करामत नसते, तिच्यात जिंकण्याची हाव असते. रेकॉर्डवर खाँसाहेब उरत नाहीत, वसंतराव तेवढे उरतात. आणि आपण दाद देऊन मोकळे होतो.

तरी हा गळा कितीही आक्रमक झाला, तरी सूर सोडत नाही. अहंकारामागची विद्या अस्सल आहे हे त्यातून पटतं, म्हणूनच खाँसाहेब नुसते खलनायक ठरत नाहीत. दोन्ही चाली लागोपाठ ऐका. संथ चालीनंतर त्या द्रुत तानेचं तेज कळतं, आणि तिची घाईसुद्धा.