‘नियमन’ आणि ‘शुल्क’

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या अनुच्छेदाचा आठवा विभाग मी पुन्हा वाचला. कर आणि आयातशुल्क बसवण्याचा अधिकार तिथे काँग्रेसला दिला आहे. १९७७च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्यान्वये राष्ट्राध्यक्षांना आयातीचे ‘नियमन’ करता येते. ‘शुल्क’ हा शब्द त्यात नाही. तरी त्याच कायद्याच्या आधारे ट्रम्प यांनी एप्रिल २०२५मध्ये बहुतेक देशांच्या मालावर शुल्क लादले आणि ऑगस्टअखेर बऱ्याच भारतीय मालावर ते ५० टक्क्यांवर नेले.

सगळा दोष एकट्या ट्रम्प यांच्या माथी मारणे मला अपुरे वाटते. काँग्रेसनेही आपला अधिकार सांभाळला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हाच पेच मांडला होता: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, उत्तरदायित्व कमी, आपल्या मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले. ते भाषण आपण आत्मगौरवासाठी उद्धृत करतो. माझ्या मते ते इशारा म्हणून वाचावे. जाब विचारणारे सभागृहच गप्प बसले, तर पद्धत कोणतीही असो, उत्तरदायित्व कागदावरच राहते.