कोड बांधणं आणि कोड वाचणं

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं ऑपरेटिंग सिस्टिमवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण छंद म्हणून आपली ऑपरेटिंग सिस्टिम सोर्स कोडपासून स्वतः बांधणारी मुलं आता इंजिनिअरिंग कॉलेजांत भेटतात, आणि ती एक दावा करतात: ‘आम्ही बांधलं, म्हणून आम्हाला कळलं.’ हा ज्ञानाविषयीचा दावा आहे. तो तपासणं आमच्या विषयात बसतं, आणि वर्ध्यात तर जास्तच बसतं.

कारण हाच दावा ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. हातानं काहीतरी बनवता बनवता शिकावं, हा नई तालीमचा गाभा. तिच्या शिक्षकांचा एक आवडता शब्द होता: समवाय. म्हणजे टकळीवर सूत काढायचं आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास उलगडायचा. समवाय साधला तर ते शिक्षण. नाही साधला तर मूल नुसतंच सूत कातत बसतं. ही कसोटी लक्षात ठेवा, कारण आज आपण दोन ग्रंथांना तीच लावणार आहोत.

पहिला ग्रंथ ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ च्या सुमारास सुरू केलेला, आजही सुधारला जाणारा. यात तयार लिनक्स मिळत नाही. एकेका भागाचा सोर्स कोड घ्या, तो कंपाइल करा, जागेवर बसवा, अशा पायऱ्या मिळतात. आधी तात्पुरती अवजारं बनवायची, मग त्या अवजारांनी खरी अवजारं, मग त्यांनी घर. जीसीसी हा कंपायलर तर एकाहून जास्त वेळा बांधावा लागतो. प्रत्येकाचा संगणक वेगळ्या वेगाचा, म्हणून वेळ मिनिटांत न सांगता पहिल्या पॅकेजला जितका वेळ लागला त्याच्या पटीत सांगितला आहे. रोवळी-पायलीनं मोजावं तसं. ग्रंथ प्रामाणिक आहे, प्रत्येक आज्ञेचा अर्थही देतो.

दोष वाचण्याच्या पद्धतीत शिरतो. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, पुन्हा कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. दोन दिवस आज्ञा कॉपी-पेस्ट करून शेवटी यंत्र सुरू होतं. आनंद खरा असतो, पण झालेलं असतं ते पारायण. पारायणाला आम्ही नावं ठेवत नाही. त्यानं शिस्त लागते, ग्रंथाचा आवाका समजतो, कुठला भाग कुणावर टेकलेला आहे ते कळतं. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये कोट्यवधी ओळी आहेत. त्यातली एकही न वाचता तो बांधता येतो, आणि बहुतेक जण तसाच बांधतात.

दुसरा ग्रंथ ‘एक्सव्ही ६’. एमआयटीत २००६ साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, सोबत तिच्यावरचं पुस्तक. आयआयटी मुंबईच्या अभ्यासक्रमातही ती वापरली गेली आहे. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची ही नव्यानं केलेली मांडणी. त्या मूळ युनिक्सवर ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये ओळीओळीचं भाष्य लिहिलं होतं. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते छापता येईना, तर जगभर त्याच्या झेरॉक्स फिरल्या. अधिकृत प्रकाशन १९९६ मध्ये झालं. टीका या शब्दाचा आपल्याकडचा जुना अर्थ भाष्य असाच आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. लायन्स त्या अर्थानं टीकाकार.

एक्सव्ही ६ बांधायला काही सेकंद लागतात. तिथं मिरवण्यासारखं काही नाही. खरं काम नंतरचं, वाचण्याचं. हजारो ओळी आहेत, पण एका सत्रात वाचून होतील इतक्याच. एक जागा सांगतो. संगणक एक काम थांबवून दुसरं कसं उचलतो? जुन्या युनिक्समध्ये या जागी लेखकांनी शेरा मारून ठेवला होता की वाचकाला हे कळावं अशी अपेक्षा नाही! एक्सव्ही ६ च्या आजच्या आवृत्तीत तिथं एक लहानसं फंक्शन आहे. चौदा रजिस्टरं जपून ठेवायची, दुसरी चौदा भरायची आणि परतायचं. गंमत परतण्यात आहे. बोलावलं एकानं, आणि परतताना आपण पोचतो दुसऱ्याच्याच ठिकाणी. पहिला तिथंच गोठलेला, आपली पाळी येईपर्यंत. हे कागदावर बाण काढून एकदा समजलं, की ‘एकाच वेळी अनेक कामं’ या शब्दांमागचं यंत्र दिसू लागतं. समवाय तो हाच.

एक्सव्ही ६ लाही मर्यादा आहेत. रोजच्या कामाला ती निरुपयोगी. खरं हार्डवेअर किती आडमुठं असतं याचा अंदाज तिच्यातून येत नाही, कारण ती सहसा क्यूएमू या नकली यंत्रावर चालवतात. शिवाय सुबक कोड वाचून खरा कोडही असाच असेल असा भ्रम होतो. म्हणून दोन्ही ग्रंथ एकमेकांना पूरक आहेत. पण आधी कोणता, असं विचाराल तर आम्ही एक्सव्ही ६ म्हणू.

आता दाव्याचा दुसरा भाग. बांधणारा म्हणतो, ‘मी स्वावलंबी झालो.’ झाला का? ज्या कंपायलरनं बांधलं तो कुणी बांधला? आधीच्या कंपायलरनं. तो? त्याच्या आधीच्यानं. न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं, की सोर्स कोड निर्मळ असूनही कंपायलरमधली लबाडी पिढ्यान् पिढ्या टिकू शकते. कितीही कोड वाचा, ती दिसणार नाही. यावर लोकांनी कष्टही घेतले. ग्विक्स या प्रकल्पानं २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून साखळी उभी केली. पण तीही चालत्या कर्नलवर आणि कुणीतरी बनवलेल्या प्रोसेसरवरच उभी राहते.

म्हणजे शेवटी शब्दप्रमाण उरतंच. कुठेतरी आप्तावर, भरवशाच्या माणसावर, विसंबावं लागतं. म्हणून ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिम’ हा शब्द जपून वापरावा. सी-डॅकची ‘बॉस’ डेबियनवर आधारलेली आहे आणि डेबियन जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेली आहे. यात कमीपणा काहीच नाही. नावावरून मात्र कुणाचा असा समज होऊ नये, की सगळं इथंच पेरलं आणि इथंच उगवलं.

तेव्हा आमचं मत असं. घरची ऑपरेटिंग सिस्टिम बांधल्यानं परावलंबन संपत नाही. ते नेमकं कुठे आहे, याचा पत्ता लागतो. आपण कुणावर विसंबलो आहोत आणि का, हे सांगता येणं हे अज्ञानानं विसंबण्यापेक्षा कितीतरी बरं. इथल्या विद्यार्थ्यांनी जरूर बांधावं. पण बांधून झाल्यावर शिक्षकानं ‘चाललं का?’ एवढंच विचारून मार्क देऊ नयेत. कुठलीही एक फाइल उघडावी, एका ओळीवर बोट ठेवावं आणि म्हणावं, ‘ही ओळ काढली तर काय होईल, सांग.’ उत्तर येईपर्यंत थांबावं.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.