आठ बाय पाचची खिडकी

कथा, कादंबरी, नाटक, कविता, फार तर चरित्र, एवढेच काय ते वाङ्मयप्रकार असतात अशी नोकरीत असेपर्यंत माझी समजूत होती. वाशीमच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं तेही याच समजुतीवर. निवृत्त झालो, फंडाचे पैसे हातात आले, घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, आणि मला एका नव्याच वाङ्मयप्रकाराचा शोध लागला. त्याचं नाव ‘आपलं घर कसं असावं?’

हे वाङ्मय सचित्र असतं. किंबहुना ते चित्रच असतं आणि खाली दोन ओळी. पूर्वी ते दिवाळी अंकात आणि रविवारच्या पुरवणीत सापडे, आता मोबाइलमध्ये मिळतं. आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या अंकांतली कात्रणं एका दोनशेपानी वहीत चिकटवून ठेवली होती. पुण्याचे चिरंजीव रोज रात्री जेवण झालं की मोबाइलवर तीनचार घरं पाठवीत. दोन वर्षांत मी इतकी घरं वाचली, की ज्ञानपीठाच्या निवड समितीवरच्या माणसानं इतक्या कादंबऱ्या वाचल्या नसतील. तेव्हा या विषयावर अधिकारवाणीनं बोलायला हरकत नाही.

या वाङ्मयाचा नायक एकच. मोठी खिडकी! ती जमिनीपासून निघते आणि छताला जाऊन टेकते. नायिका म्हणजे नैसर्गिक प्रकाश. तिचं आणि खिडकीचं मीलन होऊ नये म्हणून टपून बसलेला खलनायक म्हणजे भिंत. शेवटी खलनायकाचा नि:पात होतो, हॉलभर उजेड पसरतो आणि खाली ओळ येते : ‘घरात निसर्गाला प्रवेश द्या.’ निसर्ग म्हणजे फक्त उजेडच, असं लेखक धरून चालतो. डास, पाली, समोरच्या रस्त्यावरची धूळ आणि गच्चीवरची माकडं हे निसर्गात मोडत नाहीत. म्हणून खिडकीला जाळी नाही आणि गजही नाहीत.

दुसरा दोष पात्ररचनेचा. एवढा मोठा दिवाणखाना, पण त्यात माणूस नाही. टेबलावर एक कप असतो. त्यातून वाफ निघते. तो कोण पिणार, हे रहस्य शेवटपर्यंत उलगडत नाही. कुठं टॉवेल वाळत नाही, कुणी गहू निवडत नाही, सोफ्यावर आडवा झालेला मेहुणा नाही. खिडकीबाहेर समुद्र असतो, नाही तर बर्फ. आमच्या प्लॉटसमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे शेजारी मोटारसायकल धुतात.

पण माझा खरा आक्षेप काळाबद्दल आहे. या साहित्यात घड्याळ कायम सकाळच्या साडेसातवर बंद पडलेलं असतं, आणि महिना कायम नोव्हेंबरचा. मे महिन्यातली दुपारी चारची वेळ एकाही चित्रात मला आढळली नाही. वऱ्हाडात राहणाऱ्या वाचकाची ही शुद्ध फसवणूक आहे.

हे शहाणपण मला आधी आलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. तेव्हा मी नुसता वाचक नव्हतो, भक्त होतो. आमचा प्लॉट पश्चिममुखी. इंजिनिअर तरुण आणि उत्साही. त्यानं हॉलच्या दर्शनी भिंतीत आठ बाय पाचची काचेची सरकती खिडकी काढली. नकाशा बघून मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, हे मावयतीकडची बाजू हाय. इतली मोठी खिडकी कायले पाह्यजे? उनाले का चहाले बोलावता?”

मी त्याला ‘नैसर्गिक प्रकाश’ या विषयावर दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यानं विडी विझवली आणि कामाला लागला. वर्गात मागच्या बाकावरची मुलं अशीच निमूटपणे ऐकतात, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

दिवाळीत वास्तुशांत झाली. नोव्हेंबर होता आणि पाहुणे सकाळी आले होते. सगळं थेट चित्रासारखं. होळी झाली आणि खिडकीनं रंग दाखवायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये सोफ्याचा जांभळा रंग उडून तो वांग्याच्या भरताच्या वळणावर गेला. मेमध्ये दुपारी तीन वाजले की ऊन हॉलमध्ये शिरायचं ते थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. शोकेसमधली सरळ उभी मेणबत्ती एके दिवशी वाकून नमस्कार करताना सापडली. पारा त्रेचाळीसवर होता, आणि आमच्या हॉलमध्ये तो विश्रांतीला येत असावा.

मग मी उतारवयात भूगोल शिकलो. वाशीम साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला कलतो, दुपारीसुद्धा निम्म्याच उंचीवर राहतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत येतो. वर दीड फुटाचा सज्जा काढला की झालं. हिवाळ्यात ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर. पश्चिमेची गोष्ट निराळी. तिथं सूर्य आडवा होऊन येतो. सज्ज्याच्या खालून वाकून शिरणारा पाहुणा तो, त्याला सज्जा काय अडवणार?

त्यात काच. काच उन्हाला आत घेते. उन्हानं फरशी, सोफा, मेणबत्ती तापते. त्यांची उष्णता मात्र काच सहजासहजी बाहेर सोडत नाही. शिवाय सरकत्या खिडकीची आणखी एक खुबी आहे. आठ फुटांची खिडकी कितीही सरकवा, उघडते चारच फूट. उरलेली चार फूट दुसऱ्या झडपेमागे दडून बसते. जुन्या लाकडी खिडकीला चार झडपा असत. खालच्या दोन लावून वरच्या दोन उघडल्या की उजेड आत येई, वारा येई, आणि रस्त्यावरच्या माणसाला आपण काय जेवतो ते दिसत नसे. हा शोध कोणत्या मासिकानं लावला नव्हता.

माझ्यासारखे फसलेले मोठमोठे लोक आहेत, हे वाचून जरा बरं वाटलं. अमेरिकेत शिकागोजवळ प्लानो गावी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या बाईंनी मीस व्हान डर रोह या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाकडून घर बांधून घेतलं. ते 1951 साली पुरं झालं. चारी बाजूंनी काच! उघडण्याजोगं म्हणजे दार आणि दोन लहानशा खिडक्या. घर उन्हाळ्यात तापे आणि बाई चोवीस तास जगाला दिसत. दोघांचं प्रकरण पैशावरून कोर्टात गेलं. आज ते घर लोक तिकीट काढून बघतात आणि वाहवा करतात. करणारच. बघणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो, राहणाऱ्याला तिथंच राहावं लागतं.

मी कोर्टात गेलो नाही. पडदा लावला. मग पडद्याच्या आत दुसरा पडदा लावला. पण पडदा आतून लावणं म्हणजे चोर घरात घेऊन मग दाराला कडी घालणं. काच ओलांडून ऊन आत आलेलंच असतं. शेवटी कूलर आला. आमच्याकडे खिडकीचा मुख्य उपयोग कूलर बसवायला, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. सरकत्या खिडकीत कूलरचं तोंड बसेना. एक झडप काढली, कूलर बसवला, आणि राहिलेल्या जागेत प्लायवूड ठोकलं. इंग्लंडात 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. मी कर नसताना बुजवली. नैसर्गिक प्रकाशासाठी पैसे मोजून, भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून आम्ही बसू लागलो.

पराभूत माणूस इतिहासाकडे वळतो. मीही वळलो. रोज दुपारी कूलरसमोर बसून मी पूर्वजांची थोरवी सांगू लागलो. आपली धाब्याची घरं बघा, दोन हात रुंद मातीच्या भिंती, खिडक्या टीचभर, उजेडाला छपराला एक भोक, ते सानं. उन्हाळ्यात कसं गार! आणि वाशीम म्हणजे काय साधं गाव आहे? हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव, त्यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं दान दिलं. तिथल्या शिलालेखात लेण्याच्या शोभेचं वर्णन आहे, आणि त्यात गवाक्षांचा उल्लेख आहे. म्हणजे घराच्या वर्णनात खिडकीची जाहिरात करण्याचा मान आमच्याच गावच्या मंत्र्याकडे जातो! फक्त त्याच्या खिडकीवर अख्खा डोंगर होता, माझ्यावर स्लॅब.

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. वय ब्याऐंशी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. मी धाब्याच्या घराचा महिमा तिसऱ्यांदा सुरू केला तेव्हा ती म्हणाली, “अंधाराचं कवतिक मले नोको सांगू रे बाबू. तुह्या बापाच्या बैठकीले दोन खिडक्या व्हत्या. सैपाकघराले एक सानं, अन् तेबी धुरानं कायं झालेलं. चुलीच्या उजेडात भाकरी थापल्या, अन् त्याच धुरात डोये चोयले. गार व्हतं म्हनते! तू बैठकीत झोपत व्हता, तुले गारच वाटन.”

कूलरचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

मी तीस वर्षं कवितेतला मथितार्थ शोधायला शिकवला, आणि माझ्याच घराचा नकाशा मला वाचता आला नव्हता. हॉलला आठ बाय पाच. स्वयंपाकघराला दोन बाय दोन, त्यातही धूर बाहेर टाकायचा पंखा. वडिलांनी उजेड बैठकीला दिला, मी हॉलला दिला. भिंती मातीच्या होत्या त्या विटांच्या झाल्या, एवढीच काय ती प्रगती. आणि ती सगळी रंगीत चित्रं! त्यांतलाही उजेड सोफ्यावरच पडत होता. तिथं माणूस का नव्हता, ते मला आत्ता कळलं. उजेडाची गरज असलेलं माणूस दुसऱ्या खोलीत होतं.

मग एक गोष्ट आठवली. आई हल्ली सकाळी डाळीचं सूप घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, उंबऱ्याला टेकून बसत असे. येता-जाता मी तिला “आई, वाटेत बसू नकोस” म्हणत असे. ते दार पूर्वेचं. सकाळचा स्वच्छ उजेड तिथं पडतो. ऐंशी वर्षांच्या बाईनं कात्रणं न वाचता घरातली उजेडाची एकुलती एक योग्य जागा हुडकून काढली होती आणि मी तिला तिथून उठवत होतो.

मी सौ.ला म्हटलं, “तुझ्या वहीत स्वयंपाकघराच्या खिडकीचं काही आहे का बघ.” ती वही घेऊन आली आणि शेवटचं पान उघडलं. साधं, काळंपांढरं कात्रण. ओटा, ओट्यावर चार बाय तीनची खिडकी, बस्स. कडेला पेन्सिलीनं बरोबरची खूण. “हे मला कधी दाखवलं नाहीस?” तर म्हणाली, “अहो, तुम्ही पहिली चार पानं बघितली आणि तिथंच समीक्षा करत बसलात.”

एकंदर पुस्तक न वाचता परीक्षण लिहिण्याचा आरोप माझ्यावर पहिल्यांदाच झाला. कबूल करावा लागला.

पावसाळा संपल्यावर मिस्त्रीला बोलावलं. पूर्वेची भिंत फोडून ओट्यावर चार बाय तीनची लाकडी खिडकी बसवली. वर सज्जा, चार झडपा, गज आणि जाळी. मिस्त्री म्हणाला, “हे पयलेच सांगतलं असतं त प्लास्टर वाचलं असतं, गुरुजी.” ओट्यापासून चार हातांवर भिंतीशी आईसाठी एक बुटकी बाज टाकली. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूच्या चिका सोडल्या. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे, एवढी विद्या आता मला आली आहे. चिकांपुढे कडुनिंबाचं रोप लावलं आहे. ते सावली धरील तेव्हा मी असेन की नाही सांगता येत नाही, पण सोफा असेल.

शाळेची सहल घेऊन अजिंठ्याला मी कितीदा तरी गेलो होतो. 19 नंबरच्या लेण्यात दारावर घोड्याच्या नालेसारखं भलं मोठं गवाक्ष आहे. त्यातून येणारा उजेड आतल्या स्तूपाकडे जातो. मुलांना मी त्या गवाक्षाचा आकार दाखवायचो. त्या कारागिरांनी खिडकी कोरण्यापूर्वी उजेड कोणासाठी हे ठरवलं होतं, ही गोष्ट दाखवायची राहून गेली.

परवा सकाळी आईनं ताटातून एक खडा उचलला, खिडकीकडे धरला आणि मला दाखवला. तुरीच्या डाळीतला डाळीच्याच रंगाचा खडा. मला चष्मा लावूनही दिसला नव्हता. “दिसते रे,” ती म्हणाली आणि खडा खिडकीबाहेर टाकला.

चिरंजीवांनी त्याच रात्री एक नवं घर पाठवलं. या खेपेला छप्परच काचेचं आहे. मी उत्तर लिहिलं, “चित्र सुंदर. दिशा कळव, महिना कळव, आणि तिथं कोण बसणार ते कळव. ता. क. तू मे महिन्यात ये.”