ओटा दारापर्यंत

पुतण्याने डिसेंबरात फिनलंडहून एक नकाशा धाडला. तांपेरे शहराबाहेर त्याने घर घेतलं आहे, घराच्या परसदारी मोकळी जागा आहे आणि तिथे त्याला सॉना बांधायचा आहे. तिकडे हे काही श्रीमंतीचं लक्षण नव्हे. ५५ लाख वस्तीच्या त्या देशात ३० लाखांहून अधिक सॉना आहेत आणि २०२० साली युनेस्कोने ही सगळी रीत मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवून घेतली. नकाशाखाली त्याने लिहिलं होतं, ‘काका, गावातलं न्हाणीघर तुम्हीच बांधून घेतलंत ना? मग एकदा यावर नजर टाका.’

बांधकामाशी माझा संबंध मोरी तुंबली की गवंड्याला हाक मारण्यापुरता. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. तेव्हा जे येतं तेच त्याला पाठवलं: चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला, चौदाव्या अध्यायातला एक परिच्छेद. अध्यायाचं नाव स्वेदाध्याय, परिच्छेदाचा विषय ‘जेंताक’. घाम काढायचं घर कुठे बांधावं, कसं बांधावं आणि त्यात माणसाला कसं आत सोडावं, एवढंच त्यात आहे. पाठवण्याआधी तो मी पुन्हा वाचला. आमच्या गावी, शिनोलीत, जानेवारीची पहाट होती, घोड नदीकडून धुकं सरकत वर येत होतं, अंगणात बंब पेटला होता आणि मी घोंगडी पांघरून त्याच्याजवळ बसलो होतो. परिच्छेद शेपन्नास वेळा शिकवलेला. पण एका हातात सॉनाचा नकाशा असताना तो वाचला आणि इतकी वर्षं आपण यातलं मुख्य वाक्यच ओलांडून जात होतो, हे लक्षात आलं.

आधी अध्यायाचा माहोल सांगतो. अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे १३ प्रकार गुरू आत्रेय तिथे सांगतात. त्यातले काही आपल्याकडच्या आजीबाईंना संस्कृताविना ठाऊक होते. ‘होलाक’ म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, धूर निघून गेला की त्यावर खाट टाकायची आणि माणसाला पांघरूण घालून निजवायचं. ‘कुटी’ म्हणजे जाड भिंतींची, बिनखिडक्यांची गोल खोली. मधे अंथरूण आणि भोवती निखाऱ्यांच्या शेगड्या. आंबेगावच्या पश्चिम भागात ज्यांनी बाळंतिणीची खोली पाहिली आहे, खाटेखालची शेगडी आणि तिच्यावर पडणाऱ्या ओव्याचा नि वेखंडाचा वास ज्यांच्या नाकात आहे, त्यांना या दोन्ही गोष्टींची टीप लागत नाही.

जेंताक मात्र घरगुती नाही. त्याला जागा लागते, गवंडी लागतो, आणि म्हणूनच बहुधा तो गद्यात आहे. त्याच्या पुढचे प्रकार पद्यात उतरतात. छंदात बसवून पाठ करता येतील असे आटोपशीर. जेंताकाला तो आटोपशीरपणा परवडत नाही. इथे मापं आहेत, दिशा आहेत, माती आहे. वाक्य एकदा सुरू झालं की घर बांधून, तापवून, माणूस आत घालून, बाहेर काढून, आंघोळ घालून, जेवायला बसवल्यावरच थांबतं.

सुरुवात जागेपासून. वस्तीच्या पूर्वेला किंवा उत्तरेला चांगली जमीन बघा. माती काळी गोड किंवा सोनेरी हवी. शेजारी तळं किंवा पुष्करिणी हवी, तिला उतरायला नीट घाट हवा. घर पाण्यापासून सात-आठ अरत्नी मागे घ्यायचं. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर. जलाशयाच्या दक्षिण किंवा पश्चिम काठावर. दार पूर्वेला किंवा उत्तरेला, घाटाकडे तोंड करून.

हे सगळं मी मुलांना वास्तुशास्त्राची यादी म्हणून शिकवलं. पूर्व शुभ, उत्तर शुभ, पुढे चला. त्या पहाटे पहिल्यांदा कागदावर तळं काढून पाहिलं. घर दक्षिण काठावर असेल तर पाणी उत्तरेला येतं, पश्चिम काठावर असेल तर पूर्वेला. म्हणजे काठ आणि दार या दोन वेगळ्या सूचना नाहीतच. एक दुसरीत कुलूप-किल्लीसारखी बसते. दार उघडलं की समोर पाणी, घाटाच्या पायऱ्या आणि मधे पाच-सात पावलांची सपाट जमीन. तापून, डोळ्यांपुढे अंधारी आलेला माणूस बाहेर पडेल तेव्हा त्याला वळण घ्यावं लागणार नाही. दिशांचं पावित्र्य असेलच, पण हे ज्याने आखलं तो बाहेर येणाऱ्याची पावलं मोजत होता.

मग घर. गोल. उंची आणि रुंदी जास्तीत जास्त १६ अरत्नी, म्हणजे बावीस-तेवीस फुटांपलीकडे जायचं नाही. मातीचं काम चोख, आणि खिडक्या अनेक. घाम काढायच्या घराला खिडक्या कशाला, हा प्रश्न दर वर्षी एखादा हुशार मुलगा विचारायचा आणि मी ‘हवा खेळती राहावी म्हणून’ असं गुळमुळीत उत्तर द्यायचो. खरं उत्तर पुढच्या ओळींत आहे. मध्यभागी पुरुषभर उंचीची मातीची भट्टी आहे. तिच्यात खैराची किंवा अश्वकर्णाची लाकडं भरून पेटवायची आणि लाकडं नीट जळून धूर पुरता निघून गेल्यावरच माणसाला आत घ्यायचं. धुराडं सांगितलेलं नाही. तेव्हा त्या धुराला वाट खिडक्यांचीच, असं मी आता समजतो. फिनलंडात जुन्या धुराच्या सॉनाची रीत हीच: चूल तासन्‌तास पेटती ठेवायची, खोली धुराने काळी होऊ द्यायची, मग विस्तव निवू देऊन धूर काढून टाकायचा आणि उरलेल्या उबेत शिरायचं. खैर निवडण्यातही अनुभव आहे. जड लाकूड, निखारा दमदार. आमच्या बंबात बाभळीची ढलपी आणि तुराट्या यांत जो फरक पडतो, तोच.

भट्टीच्या वर्णनात मात्र वाक्य गुदमरतं. चार हातांची, पुरुषभर, मातीची, कंदूच्या म्हणजे भाजायच्या भट्टीच्या आकाराची, पुष्कळ बारीक भोकांची, निखाऱ्यांचा कोठा पोटात असलेला खांब, वर झाकण. विशेषणावर विशेषण रचलंय, श्वास घ्यायला जागा नाही. चरकाची ही सवय मला कधी फारशी रुचली नाही. पण चित्र लख्ख उभं राहतं, हे कबूल केलं पाहिजे: अंधाऱ्या गोल खोलीत मधोमध मातीचा खांब आणि त्याच्या अंगभर लाल ठिपके.

आता ज्या ओळीसाठी हे लिहायला बसलो ती. भट्टीच्या आधी, जाता जाता, एक छोटी सूचना येते. भिंतीला लागून आतून सर्व बाजूंनी एक अरत्नी रुंद आणि तेवढाच उंच असा ओटा घालावा. मूळ शब्द ‘पिंडिका’. तो कुठपर्यंत न्यावा? ‘आकपाटात्’, म्हणजे दारापर्यंत. एवढंच. कारण दिलेलं नाही. मापांच्या गर्दीत हा शब्द इतका साधा बसला आहे की वाचणारा त्याला गवंड्यासाठीची टीप समजतो. ओटा कुठेतरी संपणारच. दाराशी संपतो, ठीक आहे.

घर तापतं. तेल लावलेल्या, वस्त्राने झाकलेल्या रुग्णाला वैद्य दाराशी आणतो. आणि इथे परिच्छेदाचं व्याकरण बदलतं. आतापर्यंत सगळी क्रियापदं तृतीय पुरुषी, त्यातही बरीच प्रयोजक: ‘कारयेत्’, करवून घ्यावं. कोणी करवून घ्यावं, कोणाकडून, सगळं लांबचं. दाराशी मात्र वैद्य बोलू लागतो. ‘सौम्य’ अशी हाक येते आणि पुढची क्रियापदं एकदम ‘तू’ला लागतात. कल्याणासाठी, आरोग्यासाठी आत जा, ओट्यावर चढ, या कुशीवर, त्या कुशीवर, जसं बरं वाटेल तसं नीज. आणि मग धोक्याची सूचना: घामाने भोवळ आली तरी, जीवात जीव आहे तोवर हा ओटा सोडू नकोस. ओट्यावरून घसरलास तर भोवळीत दार सापडणार नाही आणि तिथेच प्राण जातील. म्हणून पुन्हा: ओटा सोडू नकोस.

हे दोनदा सांगणं मला फार भिडतं. मापांच्या त्या गर्दीत वैद्य एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतो. लेकराला पहिल्यांदा नदीवर पाठवणारी आई जशी सांगते तसं. आणि मग सुटकेची वाट: अंग हलकं झालं, जखडलेपण, बधिरता, ठणका, जडपणा गेला असं तुझं तुलाच जाणवलं, की या ओट्याच्या कडेकडेने ये. दार लागेल.

आता ‘दारापर्यंत’ या शब्दाकडे परत जा. तो ओटा बसायचा कट्टा तर आहेच, पण अंधारातली वाटही आहे. गोल खोलीला कोपरा नाही, मधे उभी आग आहे, डोळे घामाने मिटलेले. हात किंवा कूस ओट्याला लागून असेल तर माणूस कोणत्याही बाजूने सरकला तरी शेवटी दाराशीच पोचतो. ओटा मधेच तुटला असता तर? गवंड्याला सांगितलेलं माप आणि रोग्याला सांगितलेला मंत्र एकच आहेत. मधे फक्त भट्टी आहे. अरत्नीभरच उंची का, याचंही उत्तर मला इथेच सापडल्यासारखं वाटतं. घसरणारा दीड फुटावरून घसरेल. फिन लोक बाकं उंच, पायऱ्यापायऱ्यांनी बांधतात, कारण ऊन हवा वर साचते. चरकाने तो फायदा सोडून दिला.

हे भय पुस्तकी नव्हतं. पाली विनयपिटकात ‘जंताघर’ येतं. ‘जेंताक’ आणि ते एकाच कुळातले शब्द दिसतात. तिथली हकीकत अशी: वैशालीत मेजवान्यांची रांग लागलेली, भिक्खू गोडधोड खाऊन सुस्त नि आजारी झालेले. काही कामासाठी आलेल्या जीवक वैद्याने ते पाहिलं आणि बुद्धाकडे दोन गोष्टींची परवानगी मागितली: फेऱ्या मारायला चंक्रम आणि घाम काढायला जंताघर. पुढे त्याच पिटकातल्या चुल्लवग्गात जे येतं ते बांधकामाच्या चुकांचं खुसखुशीत दप्तर आहे. जोतं बुटकं केलं, पाणी शिरलं. मग उंच जोतं. चढताना त्रास, मग पायऱ्या. पायऱ्यांवरून पडले, मग कठडा. छोट्या घरात चूल मधे घातली तर हलायला जागा उरेना. मग लहान घरात चूल बाजूला, मोठ्यात मधे. गवताने शाकारलेल्या घरात घामच येईना. मग आतून-बाहेरून लिंपण. तोंड भाजायला लागलं, मग तोंडाला लावायला माती. मातीला वास येतो, मग ती सुवासिक करायचीही मुभा. कारवीचा कूड शेणामातीने लिंपणाऱ्या भीमाशंकरकडच्या माणसाला लिंपणाची ती अडचण सांगून समजावायला नको.

त्याच ग्रंथात पुढे शिष्टाचाराचे नियम येतात आणि त्यांच्या मुळाशी एक वाईट खोडी आहे. सहा जणांच्या कुप्रसिद्ध टोळक्याला थेरांनी जंताघरात अडवलं. चिडून त्यांनी ढीगभर लाकडं रचून आग भडकवली, दार लावलं आणि दारातच बसून राहिले. आतले भिक्खू दार न मिळाल्याने भोवळ येऊन पडले. चरकात जे घडू नये म्हणून सांगितलं आहे, ते इथे घडलेलं आहे. म्हणून नियम झाला की दारात बसायचं नाही, आणि शेवटी निघणाऱ्याने जागा धुऊन, विस्तव विझवून, दार लावून निघायचं.

आमच्या शेजारच्या जुन्नरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या लेखात इरिल यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्या आहेत. पाणी, जेवण, निजायची खोली, सगळं कातळात. विनयातलं जंताघर कुडाचं, गवताचं, मातीचं. आमच्या आषाढात तसं घर दोन हजार वर्षं उभं राहायचं नाही. पोढीच्या काठी मागे सात-आठ हात जागा दिसली की मी आता उगाच तिथे एक गोल खोली उभी करून बघतो.

पुतण्याच्या नकाशाकडे पुन्हा वळलो. देवदाराच्या फळ्या, भिंतींत ऊब धरून ठेवणारे थर, कोपऱ्यात चूल, तिच्यावर दगड. लहान घर, चूल बाजूला. भिक्खूंच्या चुकांतून तो न वाचताच शहाणा झाला होता. दार बाहेर उघडणारं आणि बिनकडीचं. आतून नुसतं अंग टेकलं तरी उघडावं, असा तिकडचा दंडकच आहे. बाक मात्र दाराच्या अलीकडे दोन हात तुटलेलं होतं, तिथे त्याने लाकडांची रास काढली होती. मी त्यावर लाल पेनने एक फुली मारली, खाली ‘आकपाटात्’ असं लिहिलं आणि फोटो काढून पाठवला.

परिच्छेदाचा शेवटही त्याला मराठीत सांगितला. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला हात लावू नको, डोळ्यांना अपाय होतो. घटकाभर दम खा, अंगातली काहिली जाऊ दे, मग सोसवेल अशा ऊन पाण्याने आंघोळ कर आणि जेव. चरकाचं ते सगळं लांबलचक वाक्य ‘जेव’वर येऊन थांबतं. बंबातून घंगाळात पाणी काढताना मला ते नेहमी आठवतं, कारण तेव्हा आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो.

मार्चमध्ये त्याचा फोटो आला. बाक दारापर्यंत नेलेलं होतं, लाकडं बाहेर पडवीत गेली होती. दुसऱ्या फोटोत तो स्वतः, लालबुंद, अंगातून वाफा निघताहेत आणि गुडघाभर बर्फात बसलेला. खाली लिहिलं होतं, ‘काका, चरकाने पाण्याला मनाई केलीय. बर्फाचं काही म्हटलंय का?’